ट्रकमधून गेलेला टोप

मी एक जुना ॲल्युमिनियमचा टोप आहे, मित्रांनो. कॅनडात, अनिशिनाबे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या तळ्याकाठच्या एका वस्तीत, सभागृहाच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. कारखान्यातली मला फक्त ठोकाठोक आठवते. खरं आयुष्य सुरू झालं ते वस्तीची जेवणं रांधणाऱ्या व्हर्नाने माझ्यात पहिल्यांदा मूसचं मटण शिजत घातलं तेव्हा. मूस म्हणजे आमच्या रानातलं घोड्याएवढं सांबर.

बाळाचं नाव ठेवायचं असो की कोणाला पोचवायचं असो, जेवण माझ्यातलंच. प्रत्येक जण आपली ताटली, वाटी, चमचा कापडी पिशवीत घालून घरून आणतो. गेलेल्यांच्या नावाने एक ताटली बाजूला काढायची, मग म्हाताऱ्यांना वाढायचं. तोवर कोणी चमच्याला हात लावायचा नाही. लहान पोरं वास घेत माझ्याजवळ घुटमळायची आणि चटका बसेल म्हणून आया त्यांना मागे ओढायच्या. लोक व्हर्नाच्या रश्श्याची स्तुती करायचे. त्यातली अर्धी मी माझी समजायचो.

मग साथ आली. सभागृहाला कुलूप लागलं. नर्स जॅनिसने दारावर पाटी लावली: ‘घरी थांबा, स्वतःला जपा.’ ती पलीकडच्या गावची. तिथे ज्याचं त्याने बघण्यातच शहाणपण मानतात, म्हणून तिने चांगल्या मनानेच तसं लिहिलं होतं. पण आमच्याकडे नुसतं स्वतःला जपणाऱ्याला कोणी भलं म्हणत नाही. लोक पाटी वाचून हसायचे आणि एकमेकांकडे जेवायला जायचे.

अशातच व्हर्नाचा भाऊ क्लेरन्स हृदयविकाराने गेला. व्हर्ना किल्ली मागायला आली. जॅनिस दारात आडवी उभी राहिली. मी आत पालथा पडून ऐकत होतो.

“क्लेरन्सला जन्मात कधी जेवायला दोनदा हाक मारावी लागली नाही,” व्हर्ना म्हणाली. “आता त्याला उपाशी पाठवू होय?”

जॅनिसने कागदी डब्यांतून घरोघरी जेवण देऊन बघ म्हटलं. डबा प्रवासात खातात, भावाच्या नावाने नाही, असं व्हर्नाने तिला सुनावलं. आवाज चढले तशी व्हर्नाची मावशी ॲग्नेस काठी टेकत अंगणात आली. आमची भाषा नीट बोलणारी थोडीच माणसं उरली होती, त्यांतली ती एक.

“व्हर्ना, आपल्याकडे आधी कोणाला वाढतात?” तिने दुरूनच विचारलं.

“म्हाताऱ्यांना. हे काय विचारणं झालं, मावशी?”

“हा आजारही तीच रीत शिकलाय गं. तोही आधी आमच्याकडेच येतो. टोपाला पाय नाहीत, पण तुझ्या नवऱ्याच्या ट्रकला चाकं आहेत ना?”

“मग सभागृह राहू दे, नुसता टोप दे,” व्हर्ना जॅनिसला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रकच्या हौद्यातून निघालो. घराघरांच्या पायऱ्यांवर कापडी पिशव्या वाट बघत होत्या. व्हर्नाने क्लेरन्सची ताटली सगळ्यांआधी भरली. मग तरण्या माणसांनी तोंडं झाकून वाढायला घेतलं, आधी म्हाताऱ्यांची घरं. बाकीचे आपापल्या खिडकीत थांबले. कोणाला सांगावं लागलं नाही.

जॅनिसने पाटी बदलली: ‘म्हाताऱ्यांना जपा.’ पुढे आजार बाहेरून येऊ नये म्हणून वस्तीच्या रस्त्यावर फाटक बसलं, तेव्हा राखणीला माणसं आपणहून आली.

आता विजेचं नवं भांडं आलंय आणि माझ्यात पोरांचे हातमोजे ठेवतात. ट्रक खड्ड्यात आदळला तेव्हाचा पोचा अजून कुशीत आहे. मित्रांनो, तो ठोकून सरळ करू नका. आणि पुन्हा कधी दारं लावून घ्यायची वेळ आली, तर लोकांना नुसतं ‘लावा’ म्हणू नका. कोणासाठी लावायची ते सांगा.

ॲग्नेस अजून येते. माझ्यावर काठी वाजवून मला आमच्या भाषेत काय म्हणतात ते पोरांना विचारते. पोरं चुकतात. ती पुन्हा सांगते.