वाऱ्याच्या पाठीवरची ज्योत

कार्तिकातली सांज. कृष्णेच्या पाण्यावर केशर सांडलेले, आणि त्या केशरावर वाऱ्याने उमटवलेल्या बारीक बारीक सुरकुत्या. पैलतीराची टेकडी निळी, धूसर, मौनस्थ. तिच्या आड त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र, अजून न उगवलेला.

नदी संथ होती. वारा संथ नव्हता. पाण्यावरून तो यायचा, घाटाच्या पायऱ्या चढायचा, बायकांचे पदर फडफडवायचा आणि सरळ देवळाच्या दारात शिरायचा.

देवळाच्या दारापासून नदीच्या काठापर्यंत दगडी ओटा, आणि ओट्यावर कोरलेली दगडी पन्हळ, बावीस हात लांब. वर्षातून एकदा तीत तेल भरायचे, तेलात कापसाची अखंड वात निजवायची, आणि एका ज्योतीने सगळी पन्हळ उजळायची. पेटवायची ती देवाच्या दाराकडून. ज्योतीने वाऱ्याला सामोरे जायचे, पाऊल पाऊल, कृष्णेपर्यंत.

ही रीत हौसा गुरवीण सांभाळायची, तिच्या आधी तिची सासू. "वाऱ्याच्या पाठीवर ज्योत बसवू नगा," ती म्हणायची. "तोंडावर वारा घेतल्याली ज्योत शहाणी असती. पाठीवर बसली, की ती कुणाची न्हाई."

आणि पन्हळ उजळण्याचे व्रत होते कावेरीकाकूंचे. बारा वर्षांचे. चंद्र दिसायच्या आत बावीस हात उजळले नाहीत, तर मागची सारी वर्षे पाण्यात. हे बारावे वर्ष. शुभ्रवसना, मितभाषिणी कावेरीकाकू. पहाटस्नाता, नित्यनेमिनी कावेरीकाकू. गाव त्यांना वाकून नमस्कार करी. त्या नमस्काराची त्यांना सवय झाली होती. किती झाली होती, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

ज्योत लागली. चार हात गेली. वाऱ्याने तिला मागे लोटले. ती थबकली, थरथरली, एक पाऊल पुढे, अर्धे पाऊल मागे; पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सहाव्या हाताशी ती नुसती उभी राहिली, नीलमूला, पीतशिखा, मान मोडल्यासारखी.

"काकू, आज वारासुद्धा उपाशी आहे वाटतं," मागून कोणीतरी म्हणाले. "ज्योतच गिळतोय मेला!" बायका हसल्या. हसू साधेच होते. काकूंना ते साधे लागले नाही.

टेकडीची कड उजळू लागली.

काकूंच्या हातात तांब्या होता. तुळशीपत्राने झाकलेला. सगळ्यांना वाटले, तीर्थ. त्यात रॉकेल होते, घरच्या स्टोव्हचे, दुपारीच भरून घेतलेले. देवाच्या तेलात रॉकेल! सगळ्यांचे डोळे अडलेल्या ज्योतीवर होते. त्या नदीकाठच्या टोकाला गेल्या, पाठ वळवली, तांब्या पन्हळीत रिता केला, आणि काडी ओढली. तिथे. वाऱ्याच्या उगमाशी.

वाऱ्याने ज्योत आडवी केली. आडव्या ज्योतीने पुढचे तेल चाटले. चाटलेले तापले, तापलेले पेटले, आणि पेटलेल्याला वाऱ्याने पुन्हा पुढे निजवले. ती चालली नाही. ती धावली. सुवर्णसर्पिणी, वातवाहना, उरलेले सोळा हात एका श्वासात. सहाव्या हाताशी, अडलेल्या ज्योतीपुढे, हौसा ओणवी बसून दोन्ही हातांनी वात सारखी करीत होती.

किंकाळी एकच. मग पाणी, धूर, पदर, धावपळ.

आणि चंद्र उगवला. कोणीतरी काकूंच्या पाया पडले. "काकू, व्रत फळलं! काय धावली हो ज्योत!" काकूंनी मान खाली घातली. लोकांना ती विनम्रता वाटली.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात सारे जमले. हौसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत.

"हौसे, तेलात काय मिसळलंस?" देवस्थानचे पंच आबासाहेब म्हणाले. "इतकी वर्षं असं झालं नाही. खरं सांग, नाहीतर पुढच्या सालापासून पन्हळीला हात लावायचा नाही."

हौसा खाली बघत होती. तिने मान वर केली नाही, आणि बोटही वर केले नाही.

काकूंनी देवाकडे पाहिले. देव नुसता पाहत होता. आयुष्यभर हळू बोललेला तो आवाज त्या दिवशी अजून हळू झाला, पण मंडपभर ऐकू आला.

"रॉकेल मी ओतलं. वाऱ्याकडून काडीही मीच लावली. काल मला सगळे नमस्कार करत होते, आणि मी ते घेत होते."

  एकेक नजर अंगावर येऊन बसली, आणि काकूंचे कान, गळा, कपाळ आतून पेटल्यासारखे झाले. आबासाहेबांनी घसा खाकरला. "मग हौसा, तुझी सेवा तुझ्याकडेच," म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

मंडप रिकामा झाला. दोघीच उरल्या.

"मला वास आला हुता की, काकू," हौसा म्हणाली. "हातालाच आला. अन् नदीकडच्या टोकाला तुमीच गेला हुता. म्हटलं, बाई आपल्या तोंडानं बोलंल का, बघू."

"आणि नसते बोलले तर?"

हौसाने पट्ट्यांतल्या आपल्या हातांकडे पाहिले. 

हौसाच्या सुनेने आणून ठेवलेले ताट समोर तसेच होते. दहीभात, कडेला लिंबाची फोड. जेवणारीला हात नव्हते. काकू पुढे सरकल्या. भात कालवला. ज्या हाताने काडी ओढली, त्याच हाताने घास उचलला. घास एवढासा, आणि तोंडापाशी नेताना त्यातलीही निम्मी शिते हौसाच्या मांडीवर सांडली.

"मोठा करा घास," हौसा म्हणाली. "चिमणीला भरवताय व्हय?"

काकूंना हसू आले नाही. वर बघवलेही नाही. त्यांनी मोठा घास केला. हौसाने तोंड उघडले, डोळे मिटले. ओठांच्या कडेला एक शीत राहिले, पांढरे, ओले, एवढेसे. काकूंनी ते पदराच्या टोकाने टिपले, आणि खाली मान घालून, अगदी हळू, पुढचा घास कालवू लागल्या.