अंधाराचे नऊ शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, कापडी पाठीची, दोनशे पानांची. माझी कहाणी मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण ती सांगताना मान वर ठेवता येत नाही. पण तुम्ही आता इंग्रजी शिकता आहात, म्हणून सांगते.

शिरूरच्या बाजारपेठेत एका बाइंडरने मला शिवलं. १९५३ साली मिशनच्या शाळेतल्या हेलनबाईंनी मला विकत घेतलं. मायदेशी परतणाऱ्या एका मडमेने जाताना त्यांना एक इंग्रजी कादंबरी दिली होती. ओसाड किल्ला, धुकं, लांबच लांब बोळ आणि त्यांतून फिरणारी एक फिकट मुलगी, असं सगळं त्यात होतं. पहिल्याच पानावर बाईंना सतरा शब्द अडले. त्यांनी पाळकसाहेबांची डिक्शनरी मागून आणली आणि माझं काम सुरू झालं.

शाळा सुटली की बाई अंगणातल्या कडुनिंबाखाली बसत. शब्द, त्याचा अर्थ आणि कादंबरीतल्या ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, असं त्या माझ्यात लिहीत. 'ग्लूमी' म्हणजे उदास, अंधारा. 'पॅलिड' म्हणजे रक्त उतरलेला. 'स्पेक्ट्रल' म्हणजे भुतासारखा. नुसत्या अंधाराचे माझ्याकडे नऊ शब्द झाले. दीड वर्षात बाई पानंच्या पानं न अडखळता वाचू लागल्या, आणि शिरूरच्या भर उन्हात त्यांच्या अंगावर काटा येऊ लागला. पाळकसाहेब एकदा मला चाळून म्हणाले, "हेलन, एवढे शब्द तर मला उपदेशालाही मिळत नाहीत." तेव्हापासून मी जी चढून गेले ती गेलेच. शेजारच्या हजेरीच्या वहीला मी खिजगणतीत धरत नव्हते. त्या गर्वाचीही लाज वाटते, पण खरी लाज पुढे आहे.

मुलींच्या बोर्डिंगात प्रेमाबाई स्वयंपाकाला मदत करायची. तिला सगळे प्रेमा म्हणत. कोरेगाव भीमाची, वय अठरा, मराठी सातवी पास. दोन भरलेल्या घागरी घेऊन जिना चढायची आणि चढताना गप्पाही मारायची. एखादी मुलगी तापाने फणफणली की उशाशी तीच बसायची. तिला नर्स व्हायचं होतं. दूरच्या एका मिशन दवाखान्यात शिकाऊ नर्सच्या जागा निघाल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई विलायतेच्या, म्हणून अर्जासोबत ओळखीच्या माणसाचं पत्र इंग्रजीत हवं होतं.

"बाई, माझ्याबद्दल चांगलं लिवा," प्रेमा म्हणाली. "तुमच्याइतकं विंग्रजी हितं कुणाला येतंय?"

बाईंनी मला उघडलं. साधं लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. कादंबरीतल्या त्या मुलीचं जसं वर्णन होतं, तसंच त्यांनी प्रेमाचं केलं, आणि मीही पुढे पुढे करून शब्द पुरवले. प्रेमाचा चेहरा पॅलिड झाला. तिचे डोळे खोल गेले. ती सावलीसारखी निःशब्द वावरू लागली, कसल्याशा गूढ दुःखाने झुरू लागली. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. त्यात प्रेमा आहे की नाही, हे आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. इतक्या अशक्त आणि खिन्न मुलीला रुग्णसेवा झेपणार नाही, आधी तिचीच प्रकृती दाखवून घ्या, असं त्यात होतं.

प्रेमाने हातातली घागर खाली ठेवली. "मला काय झालंय, बाई? मी कवा आजारी पडले?"

बाईंना काहीतरी थाप मारून सुटता आलं असतं. पण माझ्या मागच्या पानावर पत्राचा कच्चा खर्डा होता, तो त्यांनी मराठीत करून तिला वाचून दाखवला. प्रेमाने शेवटपर्यंत ऐकलं. ती चिडली नाही.

"ही कोण हाय?" तिने विचारलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी चुलीत घातलं असतं तरी चाललं असतं. माझ्यात सातशेच्या वर शब्द होते आणि त्यांतला एकही तिच्या कामाचा नव्हता.

बाईंनी त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी प्रेमाला समोर बसवलं आणि शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात तसल्या शब्दांत लिहिलं. ती दणकट आहे, हसरी आहे, आजाऱ्याजवळ न कंटाळता बसते. पण जागा भरून गेल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात प्रेमाचं लग्न झालं आणि ती दौंडला, रेल्वेत खलाशी असलेल्या विल्यमच्या घरी गेली. कादंबरीची शेवटची चाळीस पानं बाईंनी वाचलीच नाहीत. मला त्यांनी ट्रंकेत टाकलं. तिथे मला कसर लागली, माझ्या कडा कुरतडल्या गेल्या. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

बारा वर्षांनी ट्रंक उघडली. प्रेमा दौंडहून आली होती आणि तिच्यासोबत तिची दहा वर्षांची कृपा होती. "ही वही हिला दिली तर तुला चालेल का?" बाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

मित्रांनो, शब्द भरपूर जमवा. अंधाराचेसुद्धा जमवा, त्यांच्यावाचून तसली पुस्तकं उघडत नाहीत. पण माणसाबद्दल लिहायला बसाल तेव्हा वहीआधी त्याच्याकडे बघा. एवढं मला तेव्हा कळलं असतं, तर एक चांगली नर्स झाली असती.

प्रेमाने मला उचललं, पदराने पुसलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"हिला समदं विंग्रजी शिकवा, बाई," ती म्हणाली. "म्हंजी हिचं पत्र हीच लिवंल."