घरटी एक घागर

ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर नागुबाई अगदी कडेला टेकली. खुर्ची फिरायला लागलीच तर उतरता यावं म्हणून. चहा घेऊन आली ती तिचीच सून. रचना त्या ऑफिसात प्लॉट विकायच्या कामावर होती.

"मावशी, ओढा ओढा म्हणता, पण ओढा आहे कुठं?" रचनाचे साहेब, निशांत सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वयस्क माणसाला बिस्कीट दिल्याशिवाय नाही म्हणायचा नाही. "कोरडी खाच आहे ती. पाणी दाखवा, भिंत थांबवतो."

"पाऊस पडू दे की."

"काँक्रीट बुधवारी पडणार. पावसाला वेळ आहे अजून."

हिंडलग्यापल्याडच्या त्या गावात डोंगरावरचं पाणी मधल्या रानातून उतरून नागुबाईच्या खालच्या पट्टीत यायचं, आणि त्यावर तिचा भात व्हायचा. मधलं रान विकलं गेलं, तिथं प्लॉट पडले. आता प्लॉटांच्या खालच्या अंगाला, ओढ्याला आडवी, कंपाउंडची भिंत येणार होती. पाया खणून तयार होता. भिंत उभी राहिली की सासूचा भात संपला, हे रचनाला ठाऊक होतं. तरी ती कप उचलून घेऊन गेली.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "आत्ती, रागावलाय?"

"मी रागावून तुजा पगार वाढनार हाय व्हय? भाकरी करपाय लागलीया, उलट ती."

यंदा लक्ष्मीची जत्रा, म्हणून गावात वार पाळत होते. मंगळवारी न् शुक्रवारी रानात कामाला जायचं नाही, भुईला लोखंड लावायचं नाही. जेसीबीवाला भरमूही गावचाच, त्यामुळं त्याचं यंत्रही त्या दिवशी देवाला हात जोडून उभं. भुईला लोखंड लावायची बंदी होती, पण देवाला न्हाऊ घालायला कुणाची ना असणार?

प्लॉटांच्या वरच्या कोपऱ्यात सात आसरांचे, पाण्याच्या देवींचे, दगड होते. माहितीपत्रकात 'पुरातन देवस्थान, शांत परिसर' असं छापलेलं. ते रचनानंच लिहून दिलं होतं. नागुबाई दारोदार फिरली.

"मंगळवारी आसरांस्नी आंगूळ. घरटी एक घागर."

"पावसासाठी व्हय गं?" यशोदाबाईनं विचारलं.

"वाटंसाठी."

"कुनाच्या वाटंसाठी?"

"पाण्याच्या."

यशोदाबाईनं घागर घासायला घेतली. गिऱ्हाईक कसं पटवावं याचं शिक्षण घ्यायला रचनाला कंपनीनं बेंगळुरूला पाठवलं होतं. तिथं पडद्यावर बाण काढून काढून शिकवलं होतं. ही बाई दारात उभी राहून चार शब्द बोलत होती, आणि बायका उंबऱ्यावरच हो म्हणत होत्या.

मंगळवारी रचना गिऱ्हाइकं घेऊन साइटवर आली. रघुवीर सर आणि विनोदिनी मॅडम, दोघंही शहरात शिक्षक, निवृत्तीनंतर मोकळ्या हवेत राहायचं म्हणणारे. निशांत सर त्यांना नमुन्याचा बंगला दाखवत होते. तेवढ्यात वरून बायकांची रांग आली. जत्रेला आलेल्या माहेरवाशिणीसुद्धा डोक्यावर घागर घेऊन. एकेक जण आसरांवर पाणी ओतायची, हात जोडायची, बाजूला व्हायची.

पहिलं पाणी भुईनंच पिऊन टाकलं. मग ओल पुढं सरकली. मग बारीक धार झाली. तिनं प्लॉटांचे दगड मानले नाहीत की मुरमाचा रस्ता मानला नाही. खाच धरून ती बंगल्याच्या पायरीला घासून खाली निघाली. विनोदिनी मॅडमनी साडी उचलून धरली. "अहो, हे काय?"

भिंतीच्या पायाचा चर हातभर अंतरावर राहिला आणि पाणी थांबलं. घागरी रिकाम्या झाल्या होत्या. विहीर पार गावात.

"बघा मावशी, थांबलं," निशांत सर म्हणाले. आवाजात खोच नव्हती, सुटकेचा श्वास होता.

"दमलंय जरा," नागुबाई म्हणाली. "उनातनं आलंय."

ती सुनेकडं बघतही नव्हती. बघितलं असतं तर रचनाला बरं वाटलं असतं. कुणीतरी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं. तिनं यशोदाबाईच्या हातातली घागर घेतली आणि बंगल्याच्या बागेतला नळ सोडला.

"रचना!" निशांत सर ओरडले.

"सर, चोवीस तास पाणी आहे असं आपणच सांगतो ना?" ती घागर नळाखाली धरून म्हणाली.

भरली घागर कमरेवर घेऊन ती ऑफिसच्या साडीत चढ चढली, आसरांवर ओतली, परत फिरली. तोवर नळापाशी बायकांची रांग लागली होती, आणि रांगेत भांडणही. "माजी घागर पयली!" "तुजी कशी गं, तू तर सावलीत बसलीवतीस!"

घागरीमागून घागर आसरांवर रिकामी झाली आणि पाणी उठलं. हातभर कोरडी भुई ओलांडून चरात उतरलं आणि तिथं पुढं वाट नाही म्हटल्यावर तुंबायला लागलं. चराची एक कड धप्पकन ढासळली.

विनोदिनी मॅडम निशांत सरांना सोडून रचनाकडं वळल्या. "पावसाळ्यात किती येतं?"

"याच्या कैक पट, मॅडम. भिंत घातली तर तुमच्या अंगणात साठेल. वाट ठेवली तर खाली जाईल. खाली आमचा भात आहे."

"मग वाट ठेवा की हो," रघुवीर सर म्हणाले. "वाट नसेल तर प्लॉट नको आम्हाला."

निशांत सरांनी ढासळलेल्या कडेवरून पाय मागं घेतला. मग फोन काढला. "उद्या काँक्रीट नको. आधी भिंतीखालून पाणी जायला मोरी करायची." फोन खिशात ठेवून, मान वर न करता म्हणाले, "रचना, माप लिहून घ्या."

रचनानं ओले हात पदराला पुसले आणि पेन शोधलं. नोकरी होती म्हणायची अजून.

"मोरी केवढी?" नागुबाईनं विचारलं.

सरांनी दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. टोपलीएवढं.

नागुबाई घागर पालथी घालून तिच्यावर बसली आणि त्यांच्या हातांकडं बघत राहिली.

निशांत सरांनी हात आणखी पसरले. मागं बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. रचना पेन धरून थांबली होती, कारण हात अजून पसरतच होते.