भिंगाच्या आतलं धुकं

इकडेतिकडे बघू नका, माणूस नाही बोलत. नाक्याच्या खोलीत शिरलात की डाव्या हाताला खुंटी आहे, तिच्यावर एक कातडी पेटी लटकतेय. त्या पेटीत मी आहे. मी दुर्बीण. दोन नळ्यांची, पितळेची, वरून काळं कातडं चढवलेली. कातडं ठिकठिकाणी उचकटलंय, त्याचं मला काही वाटत नाही. पण कित्येक महिन्यांत कुणी या पेटीचं झाकण उघडलेलं नाही, त्याचं फार वाटतं. एकटीनं अंधारात किती दिवस काढायचे? आज तुम्ही सापडलात, तर तुम्हालाच धरून बसवते. बसा जरा.

माझा जन्म विलायतेतला. तिथलं फारसं आठवत नाही. थंडी आठवते, आणि माझी भिंगं घासणाऱ्या म्हाताऱ्याची बोटं आठवतात. मग जहाज, मग आगगाडी, मग महूच्या छावणीतला एक बाजार. तिथून मला उचललं कृष्णरावांनी. धार दरबारच्या मोजणीखात्यात होते ते. शेतं, डोंगर, ओढे, सगळीकडे त्यांच्या खांद्यावरून हिंडले मी. मांडूच्या कड्यावरून खालचं निमाड पाहिलंय मी, बागलीकडची जंगलं पाहिलीत. मोठ्या ऐटीत होते त्या दिवसांत!

कृष्णरावांचा हात मात्र सोन्यासारखा. थंडीत तंबूतून बाहेर काढलं की लगेच डोळ्याला लावायचे नाहीत. पेटीतच झाडाखाली ठेवून द्यायचे, बाहेरच्या गारव्याची मला सवय होऊ द्यायचे. संध्याकाळी परत उबेत नेतानाही तसंच, पेटी बंद ठेवून, हळूहळू. धूळ बसली तर तोंड खाली करून मऊ कुंचल्यानं आधी ती झटकायची. धुळीवर फडकं फिरवलं की धूळच काच ओरबाडते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यानंतर जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल, मधून कडेकडे गोल, पोराचं तोंड पुसावं तशी. भुरभुर पावसात सापडले तर सावलीत वाऱ्यावर पुरती सुकवल्याशिवाय पेटी मिटली नाही त्यांनी कधी.

पण मेलं एक वाईट. माणूस घुम्या. हे सगळं करायचे, सांगायचे कुणालाच नाहीत. नोकरीतून मोकळे झाले आणि दरबारच्या हुकमानं मला या नाक्यावर द्यायला आले, तेव्हा संताजींच्या हातात पेटी ठेवून इतकंच म्हणाले, "जपून वापरा."

संताजींनी पागोटं हलवलं. "जिवापलीकडे जपीन, रावसाहेब."

आणि खरंच जपलं हो! तेच तर सांगायचंय.

हा नाका निसरपूरच्या खालच्या अंगाला, नर्मदेच्या काठावर. अलीकडे धारची हद्द, पलीकडे बडवानीची. नावेतून काय येतं, काय जातं, ते बघायचं संताजींचं काम. पवारांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज दक्षिणेतून आले, असं ते येईल त्याला सांगत. मिशा भरघोस, नजर मात्र वयानं मंदावलेली. बायको भवानीबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मागे एकच लेक, यमुना. ती दिलेली नदीपलीकडच्या गावात, अगदी समोर. नुसत्या डोळ्यांना तो घाट म्हणजे एक करडी रेघ. माझ्यातून बघितलं की लेकीच्या नाकातली नथसुद्धा दिसायची.

सकाळी उन्हं वर आली की यमुना हंडा घेऊन पाण्याला यायची. पिवळं लुगडं, कडेवर मारुती, तिचा दुडूदुडू चालायला लागलेला पोर. संताजी मला डोळ्याला लावायचे आणि मोठ्यानं बोलायचे, जणू ती शेजारीच उभी आहे. "अरे अरे, त्याला पाण्याजवळ सोडू नको गं! वेडी की काय ही?" मग मला खाली करून मलाच विचारायचे, "काय गं बाई, दात आला ना त्याला? दिसला तुला?" दिसला होता की. पण मी कशी सांगणार? घरात दोघंच आम्ही, ते बोलणारे आणि मी ऐकणारी.

त्या साली खंडेनवमी आली. आपल्या लोकांत त्या दिवशी हत्यारं पुजतात. शिपायाची तलवार, सुताराचा वाकस, ज्याचं पोट ज्यावर त्यानं ते पुजायचं. संताजींनी खुंटीवरची तलवार उतरवली, आणि मलाही उतरवलं. "तू काय कमी आहेस? तूच माझं खरं हत्यार," असं म्हणाले आणि चूल बघायला गेले. मला वाटलं, दोन फुलं वाहतील आणि सोडतील.

अगंबाई! ते आले ते चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन. देवघरातली समई घासावी तशी घासली हो मला. पितळ घासलं तिथवर ठीक, पण हात थांबला नाही. राखेचं तेच बोट भिंगांवरही फिरलं, चांगलं दाबून, करकर आवाज येईपर्यंत. मग तांब्यानं वरून पाणी घातलं, भरपूर, मंत्र आठवतील तसे म्हणत. ते पाणी सांध्यासांध्यातून माझ्या पोटात उतरलं. शेवटी दोन्ही भिंगांवर हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि मला हात जोडून तो म्हातारा माणूस म्हणाला, "बाई, माझी लेक मला रोज दाखव."

असा नमस्कार मला जन्मात कुणी केला नव्हता. रागवू कुणावर? इतक्या मायेनं माझं वाटोळं होत होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. यमुना नावेतून सोनं द्यायला आली. मारुतीनं आजोबांच्या मिशा ओढल्या. जेवणं झाली तेव्हा बोलणं निघालं प्लेगचं. इंदूरकडे गाठीचा ताप पुन्हा पसरलाय, नाके बंद होणार, अशी बातमी होती.

"आबा, नावा बंद झाल्या तर कसं हो?" यमुनेनं विचारलं.

"अगं, ही आहे ना!" संताजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "रोजच्यासारखी घाटावर येत जा. सगळं बरं असलं तर नुसती उभी राहा. काही कमीजास्त झालं तर पदर हलव. पदर हलला की मी आलोच समज."

"नक्की याल?"

"भवानीची आण."

थंडी पडली आणि तसंच झालं. पलीकडच्या गावात उंदीर मरून पडले. कुक्षीहून ठाणेदार उमाशंकर घोड्यावर आले आणि नावा बांधून घातल्या. नावा चालवणारे केवट आपापली बायकापोरं घेऊन रानात झोपड्या घालायला गेले. जाताना उमाशंकर घोड्यावरूनच म्हणाले, "संताजी भिया, हुकूम म्हणजे हुकूम. पण तुमची बेटी उस पार आहे, मला ठाऊक आहे. तिनं बुलावा दिला तर मला खबर करा, एक नाव मी सोडीन. खामखा तुमचा जीव घाबरला म्हणून नाही सोडणार हां."

मग काठावर आम्ही दोघंच उरलो.

आता नीट ऐका, कारण हे मी कुणालाच सांगू शकले नाही. मला थंडी बाधू नये म्हणून संताजी रात्री मला कांबळ्यात गुंडाळून चुलीशी ठेवायचे. वर आधण उकळत असायचं. माझ्या पोटात नवमीचं पाणी मुरलेलं होतंच. उबेनं त्याची वाफ व्हायची. सकाळी उन्हं आली की मला तसंच उचलून गार वाऱ्यात न्यायचे, आणि ती वाफ समोरच्या भिंगावर आतून दहिवरासारखी बसायची. त्यात प्लेगच्या भीतीनं त्यांनी नाकातोंडावर उपरणं आवळलेलं. त्यांचा सगळा श्वास वर चढून डोळ्याकडच्या काचांवर यायचा. मग ते धोतराच्या सोग्यानं काच पुसायचे, खसाखसा. सोग्याला नाक्यावरची धूळ. पुन्हा तोंडाची हा-हा वाफ, पुन्हा पुसणं. जितकं पुसतील तितकी मी आंधळी.

नदीवरचं धुकं विरलेलं असायचं. पाणी चकाकत असायचं. धुकं होतं ते माझ्यात, आणि ते काही पुसलं जात नव्हतं.

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, मला चुलीजवळून हलवा! उन्हात ठेवा दुपारभर, सुकू द्या! ते उपरणं जरा खाली घ्या! सांगणार कशी? डोळे होते मला, तेही त्यांचेच. तोंड कुठलं!

त्या धुक्यात एक पिवळा ठिपका तेवढा दिसायचा. संताजींना तो पुरे व्हायचा. "उभी आहे," ते म्हणायचे. "उभी आहे म्हणजे बरी आहे." ठिपका कधी हलल्यासारखा वाटायचा. ते पुन्हा काच पुसायचे, पुन्हा बघायचे, आणि म्हणायचे, "वारा असेल. बोलावलं असतं तर काय पदर दिसला नसता?" मग दिवसभर भाकरी तशीच पडून राहायची. संध्याकाळी मला मांडीवर घेऊन म्हणायचे, "बाई, तू खोटं नाही ना दाखवत?"

मग एक दिवस ठिपका आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संताजी कुक्षीला पायी गेले, उमाशंकरांच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, "बुलावा दिला का तिनं?" संताजी खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "दिसला नाही." हात हलवत परत आले.

फाल्गुनात रोग ओसरला आणि नावा सुटल्या. पहिल्या नावेत संताजी. गळ्यात मी. नाथू केवट वल्हं मारत होता, तरी हे त्याला ओरडत होते, "जरा जोर लाव रे बाबा!"

दुपारचं रणरणतं ऊन होतं. यमुना घाटाच्या पायरीवर बसली होती, भांडी घासत. कडेवर कुणी नव्हतं. तिनं वर बघितलं आणि परत भांड्यात हात घातला.

"यमू," संताजी म्हणाले. "मारुत्या कुठाय?"

"कशाला आलात आता?"

"असं काय बोलतेस गं?"

"ह्यांना गाठ आली तेव्हा पदर हलवला, की पोराला तरी घेऊन जा. रोज हलवला. मग पोराला ताप भरला, तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन हलवला." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. "हे उठले. पोर नाही उठलं."

संताजी तिच्यापुढे पायरीवर बसले. "मला दिसलं नाही गं! भवानीशपथ दिसलं नाही. नुसतं धुकं होतं."

"धुकं? उन्हं वर आल्यावर? आबा, तुमच्या दुर्बिणीचं पितळ इथवर चमकायचं. रोज चमकायचं. मी मारुतीला म्हणायची, बघ, आजोबा बघतायत, आता नाव सुटेल."

"बाहेर नव्हतं धुकं. हिच्यात होतं, हिच्या आत. तुला खोटं वाटतं? बघ, तूच बघ!" त्यांनी गळ्यातून काढून मला तिच्या हातात दिलं.

तिनं मला डोळ्याला लावलं. तिच्या हाताला राखेचा वास होता. आणि मी काय सांगू तुम्हाला! त्या उन्हानं माझ्या पोटातलं पाणी पार वाळून गेलं होतं. चरे होते, पण भर दुपारच्या उजेडात चरे किती आड येणार? जन्मभर मी स्वच्छ दिसण्याची ऐट मिरवली. त्या घटकेला मात्र मी देवाकडे धुकं मागितलं. थोडंसं. भिंगाच्या कोपऱ्यात तरी. नाही आलं.

"लख्ख दिसतंय," यमुना म्हणाली. "नाक्याच्या दारातला तुमचा तांब्यासुद्धा दिसतोय."

तिनं मला त्यांच्या ओंजळीत ठेवलं, भांडी उचलली आणि पायऱ्या चढून गेली.

त्या दिवसापासून मी या पेटीत आहे. संताजींचा माझ्यावर राग नाही. राग असता तर निदान फेकून तरी दिलं असतं. ते आता माझ्याशी बोलत नाहीत, इतकंच. दोनदा पलीकडे जाऊन आले. लेकीनं पाटावर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि आत निघून गेली. आता सकाळी काठावर बसतात, नुसत्या डोळ्यांनी त्या करड्या रेघेकडे बघत. यमुना पाण्याला दुसऱ्या घाटावर जाते.

तुमच्या घरी माझी कुणी जातवाली असेल तर तिला चुलीशी निजवू नका, राख लावू नका, श्वासाच्या वाफेनं पुसू नका. आणि ज्याच्या हाती द्याल त्याला दोन शब्द समजावून सांगा, नुसतं "जपा" म्हणू नका.

पण माझं मागणं वेगळं आहे. पावसाळा झाला, माझ्या पोटात पुन्हा ओल धरलीय, ती मला जाणवते. थंडीही पडू लागलीय. तुमच्यापैकी कुणी उद्या सकाळी पलीकडे जाणार असाल तर मला या पेटीतून काढा. रात्रभर चुलीशी ठेवा, मुद्दाम ठेवा. सकाळी कांबळ्यात गुंडाळून ऊब धरून न्या, आणि यमुनेच्या दारात, गार वाऱ्यात, तिच्या डोळ्याला लावा. काही बोलू नका. तिच्या बापाला काय दिसत होतं, ते तिला एकदा दिसू दे.