गिनीवरचा खंडोबा

आमच्या घरचा खंडोबा विलायतेचा होता. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

माझे वडील, धर्मा, बोटीवर खलाशी होते. एका गोऱ्या कप्तानाने खूश होऊन त्यांना सोन्याची गिनी बक्षीस दिली. तिच्या एका बाजूला राजाचं मुंडकं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर आणि घोड्याच्या टापांखाली पंखवाला राक्षस लोळतोय. वडील ती घेऊन थळला आले, तेव्हा आजीने बघताक्षणी गिनी कपाळाला लावली. घोडा, तलवार, खाली राक्षस, हा मल्हारी नाही तर कोण? वडील म्हणाले, "आये, याच्या अंगावर धड कपडा न्हाय." आजी म्हणाली, "लढाईत कुनाला धोतर नेसाया सवड हाय?" सोबत म्हाळसा का नाही, असंही कुणीतरी विचारलं. ती घरी रांधत असेल, असं ठरलं. आमचा जुना टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला देव, झिजून झिजून सपाट झाला होता. त्याच्या जागी गिनी लाखेने एका छोट्या पाटावर बसवली. राजाचं तोंड खाली, देव वर.

तेव्हापासून चंपाषष्ठीला सगळी भाऊकी आमच्याकडे येऊ लागली. ताटात देव, खोबरं, भंडारा. भोवती पाच पुरुष बसायचे आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत तळी उचलायचे. वडील गेले तरी हे थांबलं नाही. माझी आई सोनूबाई विधवा झाल्यावर तिला हळदीला कुणी बोलवेनासं झालं, लग्नात ती आपणहून मागे बसायला लागली. पण त्या एका दिवशी भल्याभल्यांना तिच्या दारात यावंच लागे. देव आपल्या घरात आहे तोवर आपण भाऊकीत आहोत, हे ती ओळखून होती. म्हणून ती त्याला जिवापाड जपायची.

त्रेसष्ट साली सोन्याचा कायदा आला. वडिलांचे धाकटे भाऊ, दयारामकाका, अलिबागला एका वकिलाकडे कारकून होते. कोटाची बटणं लावायला शिकल्यापासून त्यांना सगळं जगच कळायला लागलं होतं. ते एक दिवस मुद्दाम घरी आले.

"वयनी, दागिना असंल तर सरकार काय बोलत न्हाय. पन सोन्याचं नानं घरात दडवलं तर जप्त करतील. वर तुरुंग."

"मी कुठं नानं दडवलंय? माझा देव हाय तो."

"तुला देव दिसतो. सरकारला गिनी दिसते."

मग उपायही त्यांनीच सुचवला. सोनाराकडून गिनीला एक कडी बसवून घ्यायची, की झाला दागिना. मग देव्हाऱ्यात ठेवला तरी कुणी विचारणार नाही. आईचा जीव वरखाली होत होता. देव गेला तर भाऊकी कशाला येईल, हीच तिची भीती, आणि काकांनी नेमकं त्या भीतीवर बोट ठेवलं होतं. शेवटी तिने न्हाऊन, गिनी पाटावरून सोडवून, तिला भंडारा लावून, धुतलेल्या फडक्यात बांधून ती त्यांच्या हाती दिली.

गिनी परत आली ती भोक पाडून. कडी ओवण्यासाठी पाडलेलं ते भोक बरोबर देवाच्या डोक्यातून गेलं होतं. आणि काका ती घेऊन आमच्याकडे आलेच नाहीत, थेट अंबाजीआजोबांकडे गेले. भाऊकीत तेच सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी गिनी निरखली आणि निकाल दिला, देव खंडित झाला. खंडित देव घरात ठेवायचा नसतो, पाण्यात सोडायचा असतो.

"भोक तर भावोजींनी पाडून आनलं," आई म्हणाली.

"कुनी पाडलं ते सोड. देव तुझ्या घरचा व्हता," आजोबा म्हणाले.

देव सोडायला काकाच दर्यात कमरेएवढ्या पाण्यात शिरले. आम्ही बायका वाळूत उभ्या होतो. त्यांनी हात उगारला, काहीतरी भिरकावलं, सगळ्यांनी येळकोटाचा गजर केला. त्या वर्षापासून तळी काकांच्या घरी. चांदीचा नवा टाक त्यांनी आधीच घडवून ठेवला होता, एवढी त्यांची तयारी! आई मात्र दर रविवारी किनाऱ्यावर जाऊन लाटेत चिमूटभर भंडारा सोडायची आणि हात जोडून उभी राहायची. "दर्या, देवाला नीट सांभाळ," म्हणायची.

पुढे काकांच्या रघूचं लग्न झालं. किहीमची मुलगी, कोकिळा नाव. बायका तिच्या गळ्याकडे बोट दाखवून कौतुक करत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. सोन्याच्या साखळीत गिनी, आणि घोडेस्वाराच्या डोक्यात कडी.

माझं डोकंच फिरलं. मी तडक अंबाजीआजोबांना गाठलं. "आजोबा, हा आमचा देव ना?"

त्यांनी पान लावता लावता वरसुद्धा पाहिलं नाही. "देव व्हता तवा खंडित झाला. आता दागिना हाय. दागिन्याला भोक असायचंच."

मी मांडवात ओरडणार होते, पण आईने माझं मनगट धरलं. तिने आधीच पाहिलं होतं. "गप ऱ्हा, रतन. त्या पोरीला काय ठावं? तिचा दिस नको नासवू."

तेवढ्यात नवरा-नवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत आमच्यापर्यंत आले. कोकिळा आईसमोर वाकली. साखळी पुढे लोंबली आणि गिनी आईच्या पावलाला टेकली. चटका बसावा तशी आईने पावलं मागे ओढली. ती दोन हात मागे सरकली. कोकिळा वाकलेली तशीच राहिली, आशीर्वादाविना.

मांडवात लगेच कुजबुज सुरू झाली. रांड बाई, दुसऱ्याचं सुख बघवत नाही. काकी तर मोठ्याने म्हणाल्या, "पायसुदीक लागू दिलं न्हाईत माझ्या सुनेला!" काकांना सगळं कळलं होतं, आणि ते पाहुण्यांना सुपारी वाटत होते. आईने एका शब्दाने खुलासा केला नाही. मी करायला गेले तर मला आण घातली.

रविवारचं किनाऱ्यावर जाणं तिने सोडलं. आता विहिरीवर कोकिळा समोरून येताना दिसली की ती कडेला थांबते, तिच्या गळ्याकडे बघत पदराआड हात जोडते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते. कोकिळा कळशी तशीच घेऊन घाईघाईने मागे फिरते. तिची कूस अजून उजवली नाही, आणि म्हातारी आपल्याला शाप देते, असं ती सगळ्या थळला सांगत फिरते.