चारशे अठरावरचं नाव

आमच्या विमान संग्रहालयात हल्ली विमानं कमी आणि देणगीदारांच्या पाट्या जास्त झाल्यात. बाकावर नाव, पाण्याच्या नळावर नाव. पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेरसुद्धा एक पितळी पाटी आहे, आणि तीही कुणाच्या तरी 'प्रेमळ स्मरणार्थ'! मी इथे सहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट माहिती सांगते, त्यामुळे माझं तोंड कुणी धरत नाही. पण 'विमान दत्तक घ्या' ही टूम निघाली आणि माझं डोकंच फिरलं.

दत्तक घेणाऱ्याचं नाव थेट कॉकपिटखाली रंगवायचं, ही अक्कल आमचा संचालक ब्रेडन याची. वय छत्तीस, आणि विमानात बसला की याला उलटी होते. पहिलंच विमान गेलं ते चारशे अठरा नंबरचं लढाऊ जेट. माझ्या नवऱ्याचं.

नवऱ्याचं म्हणजे, ड्वेन त्याचा मुख्य मेकॅनिक होता. अकरा वर्षं. कॉकपिटखाली वैमानिकाचं नाव रंगवलेलं आणि त्याखाली याचं: सार्जंट डी. वाव्रा. वैमानिक आले नि गेले, हे नाव राहिलं. ड्वेन म्हणतो, वैमानिक विमान तासाभरापुरतं मागून नेतो आणि मोडून आणतो. विमान असतं ते त्याच्या पोटाखाली शिरणाऱ्याचं. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हा बाबा नखांतलं तेल काढत बसला होता!

त्या नावावर आता करडा रंग फासून लिहिलं होतं: डॉ. कर्टिस होल्कम, दंतवैद्य. खाली फोन नंबर नव्हता, एवढीच मेहेरबानी.

मी ब्रेडनला धारेवर धरलं. "अरे, विमान इथे आलं तेव्हा ड्वेन हॉस्पिटलात होता. येत्या शनिवारी तो पहिल्यांदा येतोय, आपलं नाव बघायला."

"लॉर्ना, करार झालाय. आणि खरं सांगू? मेकॅनिकचं नाव कोण वाचतं?"

"आणि दातवाल्याचं वाचतात होय?"

"तो छप्पर करून देतोय आपल्याला."

छप्पर खरंच गळत होतं.

घरी ड्वेन रोज विचारायचा, "शाबूत आहे ना गं नाव?" मी म्हणायची, "येशील तेव्हा बघ की." सांगायचा धीरच होत नव्हता. शनिवारी त्याने दोनदा दाढी केली.

आणि नेमका त्याच सकाळी डॉक्टर होल्कम हजर! क्रीम रंगाचा कोट, सोबत फोटोग्राफर. ड्वेन काठी टेकत जेटसमोर उभा राहिला आणि त्याने ते नाव वाचलं.

"होल्कम कोण?"

"मीच!" डॉक्टरने हात पुढे केला. "कसं वाटलं माझं विमान, काका?"

ड्वेनने हात घेतला नाही. तो खाली बघत होता. फरशीवर लाल तेलाचं थारोळं साचलं होतं.

"हे गळतंय, दिसलं नाही तुला?"

"जुनं आहे, गळणारच."

"वर नाव कुणाचंय?"

"माझं."

"मग शीर पोटाखाली." ड्वेनने खिशातलं फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

डॉक्टर हसला. ड्वेन हसला नाही. या आवाजाला मी चाळीस वर्षं ओळखते. त्यापुढे कुणाची टाप नाही. डॉक्टर कोटासकट विमानाखाली आडवा झाला! फोटोग्राफरची चंगळ झाली. वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याचे दात तेवढे पांढरे उरले होते.

"छप्पर देतो," तो ब्रेडनला म्हणाला, "पण ते माझं नाव आधी पुसा."

वारा फिरला की ब्रेडन फिरतो. त्याने लगेच रंगाचा डबा मागवला. "सार्जंट वाव्रा, तुमचं नाव आत्ताच्या आत्ता परत लिहू. फोटोसकट!"

मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

ड्वेनने विमानाच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "नको," तो म्हणाला.

"नको काय? आठवडाभर मी भांडतेय इथे!"

"नाव लिहिलं की खाली शिरावं लागतं, लॉर्ना. मला आता वाकता येत नाही."

"अहो, नुसतं नाव तर असतं!" ब्रेडन म्हणाला.

"तुझ्यासाठी असेल," ड्वेन म्हणाला आणि काठी टेकत दाराकडे निघाला. मी त्याला चांगलं झापणार होते, पण मला रडूच फुटलं.

चारशे अठरावर आज कुणाचंच नाव नाही, नुसता करडा पट्टा आहे. तेल अजून गळतं. दर सोमवारी ते पुसायला मी शिरते खाली. ड्वेनला सांगितलेलं नाही. उगाच माझं नाव लिहायला लावायचा.