चिखल्यांचे चार खोटे हिवाळे

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे. ऐन भरतीला तो जेमतेम दोनशे पावलं लांब उरतो, आणि एरवी चिखलभर पांगलेली सगळी पाखरं पाणी उतरेपर्यंत त्याच्यावर दाटीवाटीने उभी राहतात. मोजायची ती तेव्हाच. चाळीस मिनिटं मिळतात. त्यानंतर दांड्याची कड उघडी पडते, पाखरं खाली उतरतात आणि मोजणारा हात चोळत बसतो.

मोजायचा असतो तो चिखल्या. मुठीएवढा पक्षी; पाठ ओल्या वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, गळ्याभोवती अर्धवट सोडून दिल्यासारखी काळी पट्टी. चार पावलं तुरुतुरु धावतो आणि काहीतरी घरी विसरल्यासारखा जागच्या जागी थांबतो. हिवाळ्यात इथे येतो, हिवाळा संपला की जातो.

सतरा वर्षं ही मोजणी एक भाऊ आणि एक बहीण करत होते. भाऊ बंदरावरच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं होता. घरी सगळे त्याला दादा म्हणत. बहिणीला बेबी हे नाव पडलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता ती अठ्ठावन्नची होती, औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून द्यायची, आणि नाव सुटायचं काही लक्षण नव्हतं. दादा दहा-दहाने मोजायचा आणि दर दहांमागे कागदावर एक रेघ ओढायचा. बेबी दुकानातल्या सवयीने पाच-पाचने, मनातल्या मनात.

गणना कार्यालयाचा नियम साधा होता. दोघांनी आपापलं मोजायचं, बोलायचं नाही, आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, मगच एकमेकांना दाखवायची. दोन आकड्यांत शंभरामागे पाचाहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजायचं. नाहीतर दोन्हींची सरासरी अर्जावर.

सोमवारी सकाळी बेबी दादाकडे चहाला आली होती, तेव्हा कार्यालयाचं पत्र आलं. दादाने ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि बायकोकडे दिलं. "वाच. हल्ली छपाईला शाई वापरत नाहीत."

वहिनीने वाचलं. गेल्या सहा वर्षांत या खाडीतल्या चिखल्यांची संख्या चारशे बारावरून दोनशे चौदावर आली आहे. पक्ष्याचा दर्जा 'घटता' वरून 'धोक्यात' असा बदलण्याचा निर्णय येत्या शुक्रवारी बैठकीत होईल. तसं झाल्यास उत्तरेकडच्या खाडीवर नेमलेला एकमेव राखणदार इकडे हलवला जाईल. शेवटी एक ओळ होती: आपल्या दोन्ही गणकांच्या आकड्यांत चार वर्षांत कधीही शंभरामागे दोनाहून जास्त फरक आढळलेला नाही, ही अचूकता अनुकरणीय आहे.

"बघ बेबी," दादा म्हणाला. "पाखरं निम्म्यावर आली, पण आपण चुकलो नाही." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. हिवाळा लागला की तो दांड्यावर कुत्री जाऊ देत नसे, जाळी वाळत घालणाऱ्यांशी भांडत असे, आणि तरी दरवर्षी पाखरं कमीच दिसत.

बेबी मोरीकडे वळली. तिने पेला विसळला. तो आधीच स्वच्छ होता.

चार हिवाळ्यांपूर्वी दादाच्या चिठ्ठीवर तीनशे बेचाळीस आले होते आणि तिच्या चिठ्ठीवर तीनशे एक्याण्णव. नियमाप्रमाणे पुन्हा मोजलं. दादाचे तीनशे अठ्ठेचाळीस झाले. तो दुर्बिणीची काच पुसत राहिला. म्हणाला, आज पाखरं हलतायत. पाणी उतरायला लागलं होतं, वारा बोचत होता, आणि एकतीस वर्षांत ज्याच्या काट्यात कुणी किलोचा फरक काढला नव्हता तो माणूस तिसऱ्यांदा दुर्बिणीला डोळा लावायला निघाला होता. बेबीने आपली दुसरी चिठ्ठी खिशातच चुरगळली आणि नवीन लिहिली: तीनशे चोपन्न. सरासरी तीनशे एक्कावन्न. दादा खूश झाला.

पुढचे तीन हिवाळे तिने काहीच चुरगळलं नाही. ती दादाच्या डाव्या हाताला बसायची. त्याच्या रेघा तिरक्या नजरेने मोजायची, त्यात दोन-चार पाखरं इकडेतिकडे करायची. त्याच्या डोळ्यांत काय होतंय हे तिला दुकानात मोतीबिंदूचे थेंब न्यायला येणाऱ्या माणसांवरून कळत होतं. तरी तोंडाला कुलूप. खरा आकडा मात्र ती घरी जाऊन लेबलाच्या पाठीवर लिहायची आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकायची. मोजलेलं लिहून ठेवायचं नाही, हे तिला जमतच नव्हतं.

आता त्या दोनशे चौदामुळे उत्तरेचा राखणदार निघणार होता. तिथे पाखरं खरोखर निम्मी झाली होती. तिथले गणक दुसरे होते, त्यांचे डोळे शाबूत होते.

मंगळवारी दुकान बंद झाल्यावर ती डबी घेऊन आली. दादा केस कापायला गेला होता. वहिनी कपड्यांना इस्त्री करत होती. बेबीने तिला सगळं सांगितलं, अर्ध्या मिनिटात, दुकानात औषधाची मात्रा सांगावी तसं.

वहिनीने इस्त्री उभी केली. "वन्सं, मला वाटलं मी एकटीच पोटात ठेवून बसलेय. परवा हे खुंटीवरच्या कोटाला म्हणाले, जेवायला वाढ. कोट बोलला नाही म्हणून रागावले."

"मग डॉक्टरकडे का नाही नेलंस?"

"तुम्ही दोघं मिळून दोनशे पाखरं बरोब्बर मोजून येत होतात. म्हटलं, ज्याला खाडीपलीकडची पाखरं दिसतात त्याला मी कसली आंधळा म्हणू?"

बेबी खुर्चीत बसली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या खोट्या आकड्यांनी कागदावरची पाखरंच कमी केली होती असं नाही. दादाचं औषधपाणीही चार वर्षं लांबवलं होतं.

"तो मला पुन्हा बरोबर नेणार नाही," ती म्हणाली.

"नाहीच नेणार कदाचित," वहिनी म्हणाली आणि सदऱ्याची दुसरी बाही पसरली. "पण ते मला विचारू नका. त्यांनाच विचारा. आले बघा."

दादा मानेवरचे केस झटकत आत आला. बेबीने डबी त्याच्यासमोर ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी अर्ध्या मिनिटात झालं नाही.

दादाने डबी उघडली. चार लेबलं बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि परत तिच्या हातात दिली. "वाच."

"तीनशे एक्याण्णव. तीनशे त्र्याऐंशी. तीनशे चौऱ्याहत्तर. तीनशे सहासष्ट."

"आणि कागदावर काय गेलं?"

"तीनशे एक्कावन्न, दोनशे नव्वद, दोनशे छत्तीस, दोनशे चौदा."

"म्हणजे गेल्या वर्षी माझ्यासमोर दीडशे पाखरं उभी होती आणि मला ती दिसली नाहीत."

"एकशे बावन्न."

"दुरुस्त्या नको करूस." त्याने रिकाम्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "डोळे गेले तर गेले, वय झालं. पण माझ्या काट्याखाली कुणी लाकडाची फळी सरकवली असती तर मी काय केलं असतं?"

"सील लावून काटा बंद केला असतास."

"आणि फळीवाल्याला?"

"आत सोडला नसतास."

"मग?"

बेबीने लेबलं एकावर एक रचली. वहिनी इस्त्री फिरवत होती, एकाच सदऱ्यावरून तिसऱ्यांदा.

"तू थकला होतास," बेबी म्हणाली. "तिसऱ्यांदा वाकलास तेव्हा गुडघा धरला होतास. मला बघवलं नाही."

"तुला काय बघायला बसवलं होतं? मला की पाखरांना?" दादा उठला, टेबलाचा खण उघडून कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. "लिही. माझं अक्षर आता मलाच लागत नाही. गणना कार्यालयास. गेल्या चार हिवाळ्यांचे आकडे चुकीचे आहेत. गणक क्रमांक एक यांना दिसत नव्हतं. गणक क्रमांक दोन यांना दिसत होतं, पण भावापुढे बोलता आलं नाही. लिहिलंस?"

"शेवटचं वाक्य लिहायचं?"

"तेच तर खरं आहे त्यात."

पत्र बुधवारी सकाळी बेबीने स्वतः नेऊन दिलं. गुरुवारी दुपारी कार्यालयाच्या निरीक्षक बाई घरी आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, दारात बूट काढताना त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला आणि त्यांनी तो लपवला नाही. त्यांनी लेबलं एकेक करून पाहिली, उलटसुलट करून.

"ही नोंद म्हणून घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "एकाच गणकाची आहे, आणि त्या गणकाने कबूल केलंय की..." त्या थांबल्या.

"खोटं लिहिलं," बेबी म्हणाली.

"हो. चारही वर्षं रद्द होतील. पण आकडे खरे आहेत असं मला वाटतं. बनवलेले आकडे असे सावकाश उतरत नाहीत. लोक बनवायला बसले की घाई करतात."

"राखणदाराचं काय?" दादाने विचारलं.

"उत्तरेलाच राहील. उद्या निर्णय होणार नाही. हिवाळा संपायच्या आत एक मोजणी घालता येईल, फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेच्या भरतीला. अजून नऊ आठवडे आहेत. दोन गणक लागतील. दोन्ही डोळस."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पिशवीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ. सोमवार, सकाळी दहा. तिने ती मंगळवारीच, दादा आंघोळीला गेल्यावर, फोन करून घेतली होती.

"आणि दुसरा गणक?" बाईंनी विचारलं. "मी कुणी पाठवू का?"

बेबी टेबलाच्या कडेकडे बघत होती. पत्र आल्यापासून ती या प्रश्नाची वाट पाहत होती.

"दुसरा कशाला?" दादा म्हणाला. "चार वर्षं जिने बरोबर मोजलं ती एकटीच आहे. फक्त ती माझ्या डाव्या हाताला बसणार नाही."

आधी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तीन आठवड्यांनी डाव्याचा. पट्टी निघाली त्या दिवशी दादा घरभर फिरला. भिंतीवर कोळिष्टकं आहेत असं त्याने वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, ती चार वर्षांची आहेत, तुमच्या पाखरांबरोबर आली. मग त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, तुझे केस कधी पांढरे झाले?

"तुमचा कोट सांगेल," वहिनी म्हणाली.

सव्वीस तारखेला आकाश स्वच्छ होतं. खाडीचं पाणी अडवायच्या जुन्या पाणदाराच्या काँक्रीटच्या ओट्यावर दुर्बिणींच्या दोन तिवया लागल्या, मध्ये दहा पावलांचं अंतर. दादाने जाताना एक पुठ्ठा नेला होता; कागदावर रेघा ओढायचा आणि वरून पुठ्ठा झाकायचा. वहिनी थर्मास घेऊन मध्ये बसली. ती म्हणाली, परीक्षेला दोन मुलं आणि मी पर्यवेक्षक.

पाणी चढलं. दांडा आखडत गेला. पाखरं आली, पाच-पाच, दहा-दहाच्या तुकड्यांनी, आणि वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभी राहिली. वाहून आलेल्या एका ओंडक्याच्या आडोशाला बरीच दाटी झाली. अठरा मिनिटं कुणी बोललं नाही.

चिठ्ठ्या घडी होऊन वहिनीच्या हातात आल्या. तिने उघडल्या. "गणक एक, तीनशे सदुसष्ट. गणक दोन, तीनशे सेहेचाळीस."

दादाने हिशेब तोंडी केला. "एकवीसचा फरक. शंभरामागे पाचाहून जास्त."

बेबीचा चेहरा उतरला. "मी खरं लिहिलंय, दादा."

"कळलं की. म्हणून तर फरक आला." त्याच्या आवाजात चार वर्षांत नव्हता एवढा आनंद होता. "ओंडक्यामागची रांग धरलीस का?"

"बोलायचं नाही," वहिनी म्हणाली.

दादाने पुठ्ठा पुन्हा कागदावर ठेवला. दोघंही पुन्हा वाकले. पाणी अजून कडेला होतं. जेमतेम वेळ होता. या वेळी बेबीने तिवई हातभर सरकवली आणि ओंडक्यापासून सुरुवात केली. दादाच्या पुठ्ठ्याखालून पेन्सिलीचा आवाज येत होता, पण रेघा दिसत नव्हत्या. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"गणक एक, तीनशे चौसष्ट. गणक दोन, तीनशे अठ्ठावन्न."

"बसलं," दादा म्हणाला.

अर्जावर तीनशे एकसष्ट गेले. पुढच्या महिन्यात कार्यालयाचं उत्तर आलं: दर्जा 'घटता' असाच कायम, मधली चार वर्षं कोरी, राखणदार उत्तरेला, दोन्ही गणकांची नेमणूक पुढे चालू. अनुकरणीय वगैरे काही नव्हतं. दादाने ते स्वतः वाचलं, चष्म्याशिवाय, हातभर अंतरावरून.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ओट्यावर वहिनीने थर्मास उघडला आणि तीन कप भरले. दांड्याची कड उघडी पडायला लागली होती. पहिला चिखल्या चिखलात उतरला, चार पावलं धावला, थांबला. बेबी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होती.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्हीही कोटाशी बोलायला लागलात की लगेच सांगा. चार वर्षं थांबू नका."

"पहिल्यांदा रांग सुटली, एवढंच," बेबी म्हणाली.

दादाने खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढली, मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिलं, त्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर लिहिला आणि तिच्या कपाखाली सरकवली.